भाडेकरू कंपनी करारात ‘हिरव्या अटी’ मागतेय. सही करू का?

निवांत_नौपाडा (धागाकर्ता), शुक्रवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. राहतो ठाण्यात, पण हा प्रश्न नवी मुंबईतल्या महापेचा आहे.

एमआयडीसीत एका इमारतीत माझा ऑफिसचा गाळा आहे, बिल्ट-अप ४,३०० चौरस फूट. निवृत्तीची बेगमी म्हणून घेतला होता. जुना भाडेकरू मार्चमध्ये गेला. तीन महिने रिकाम्या गाळ्याचा मेंटेनन्स भरून वैतागलो होतो, तेवढ्यात एजंटाने एक चांगली कंपनी आणली. पाच वर्षांचं लिव्ह अँड लायसन्स, ३६ महिने लॉक-इन (तोवर जागा सोडायची नाही), सहा महिन्यांची अनामत. भाडंही मनासारखं. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

काल त्यांच्या बेंगळुरूच्या ऑफिसातून सात पानी परिशिष्ट आलं. सगळं इंग्रजीत. दर महिन्याचे वीज-पाण्याचे आकडे एकमेकांना द्यायचे, एसी २४ अंशांखाली न्यायचा नाही, कचरा वेगळा करायचा, जाताना फर्निचर तोडायचं नाही. इथपर्यंत ठीक. पण एक वाक्य घशात अडकलंय: मालकाने विजेचा वापर कमी होईल अशा सुधारणांसाठी ‘वाजवी खर्च’ करावा. वाजवी कोण ठरवणार?

माझे डक्टेबल एसी (छतातल्या नळांतून हवा देणारे) २०१२ चे आहेत. चालतात, पण आता खोकतात. एजंट म्हणतो, “काका, डोळे मिटून सही करा, परिशिष्ट कोणी वाचत नाही.” माझे वकील म्हणतात, अजिबात नको. हे सरकारी बंधन आहे का? आणि एसी मी बदलले तर वीजबिल त्यांचं कमी होणार, मग मला काय?

---

खाडीकाठचा, शुक्रवार १०:०५

एजंटाला एका महिन्याचं भाडं दलाली मिळणार, म्हणून त्याचे डोळे मिटलेत. तुम्ही उघडे ठेवा.

---

कलम_बावन्न, शुक्रवार ११:२०

बंधन तुमच्यावर नाही, काका. असलंच तर त्यांच्यावर आहे. सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) नियमाप्रमाणे बाजारमूल्यातल्या पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. भाड्याच्या ऑफिसात जळलेली वीजही त्यांच्याच खात्यात मोजली जाते. ही कंपनी स्वतः सूचीबद्ध नसेल, तरी तिची मूळ कंपनी किंवा मोठा ग्राहक असू शकतो. म्हणून आकडे मागतात. त्यात वावगं काही नाही.

तुमच्या वकिलांना चिंता वाटते ती मात्र रास्त आहे. ‘वाजवी’ हा शब्द करारात आला की भांडणाची सोय झाली. तो काढा आणि तिथे आकडा घाला.

दुसरं. बाहेरच्या देशांत ज्याला हिरवा भाडेकरार म्हणतात तो दहा-पंधरा वर्षांच्या लीजवर उभा आहे. आपल्याकडे असतं लिव्ह अँड लायसन्स. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती नुसती वापराची परवानगी आहे, जागेत भाडेकरूचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. म्हणून तो स्वतः पैसे घालत नाही, आणि मालक म्हणतो बिल माझं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि खोकणारा एसी तसाच चालू.

तुम्ही सही कराल तेव्हा परिशिष्ट मूळ दस्तासोबतच नोंदवून घ्या, ईमेलवर ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि नोंदवलेला लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

---

मीटरवाला, शनिवार सकाळी ७:१५

ऊर्जा लेखापरीक्षण हाच माझा धंदा, तेव्हा थोडं लांबेल.

काका, आधी बारा महिन्यांची वीजबिलं काढा आणि फक्त युनिट बेरीज करून इथे लिहा, रुपये नकोत. मीटर तुमच्याच नावावर असेल, महावितरणच्या साइटवर जुनी बिलं सापडतील. जुन्या भाडेकरूची एकच पाळी होती का तेही सांगा.

त्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत आहे. माझ्या अनुभवात दहातल्या आठ मालकांना आपला गाळा वर्षाला किती वीज खातो हे ठाऊक नसतं. चौरस फुटाचा भाव मात्र पैशासकट तोंडपाठ.

---

रोड_नंबर_सोळा, शनिवार ९:३०

हे सगळं मार्केटिंग आहे हो. वागळे इस्टेटमध्ये आमच्या समोर एक काचेची इमारत झाली, दारात चकचकीत हिरवा फलक. पश्चिमेची अख्खी भिंत काच. दुपारी तीनला आतली माणसं पुठ्ठे लावून बसतात आणि एसी १८ वर.

---

ऐरोली_नाईट_शिफ्ट, शनिवार १०:१०

@रोड_नंबर_सोळा, अनुमोदन, पण पूर्ण नाही.

मी आयटी पार्कात रात्रपाळीला असतो. कुठल्या ते विचारू नका. मोठ्या इमारतींत थंड पाण्याचा मध्यवर्ती प्लांट असतो. करारात एसीचे तास ठरलेले, सकाळी आठ ते रात्री आठ वगैरे, आणि त्यापुढे तासाला जादा आकार. आमच्या आधीच्या जागी हा आकार क्षेत्रफळावर होता. रात्री मजल्यावर आम्ही चौदा जण, आणि थंड व्हायचा अख्खा मजला. मी स्वेटर घालून मे महिना काढलाय! कोणी वाचवायचं म्हटलं तरी बिलात फरक पडणार नव्हता, त्यामुळे कोणी बटणाला हात लावला नाही.

आताच्या जागी प्रत्येक भाडेकरूच्या पाइपवर उष्णता मोजणारा मीटर आहे, बीटीयू मीटर म्हणतात. जेवढा गारवा घेतला तेवढं बिल. आमच्या ॲडमिनने पहिल्याच महिन्यात रात्रीचे सगळे लोक एका कोपऱ्यात बसवले. पत्रकं वाटून जे झालं नसतं ते मीटरने केलं.

---

निवांत_नौपाडा, शनिवार दुपारी १:००

@मीटरवाला, बायकोच्या मदतीने बेरीज केली. एप्रिल ते मार्च ६६,१४० युनिट. एकच पाळी, शनिवारी अर्धा दिवस. सगळे आकार धरून युनिट साधारण १५ रुपयांना पडलंय, म्हणजे वर्षाला दहा लाखांच्या आसपास! इतकी वर्षं हे बिल भाडेकरू भरायचा, मी कधी उघडूनही पाहिलं नाही. खरंच कबूल करतो.

---

मीटरवाला, शनिवार दुपारी २:४५

झकास. ४,३०० चौरस फूट म्हणजे ४०० चौरस मीटर. ६६,१४० भागिले ४००, म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १६५ युनिट.

ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऑफिस इमारतींसाठी तारे देण्याची योजना २००९ पासून आहे. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत, निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असेल तर १७५ ते १५० ला दोन तारे, १५० ते १२५ ला तीन, आणि १०० च्या खाली पाच. हे तारे १०० किलोवॅट जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) पुढच्या इमारतींना मिळतात, तुमच्या एकट्या गाळ्याला नाहीत. पण फूटपट्टी म्हणून वापरायला काय हरकत आहे? तुम्ही दोन ताऱ्यांत आहात.

आता एसी. ऑफिसच्या बिलात निम्म्याहून थोडी जास्त वीज एसीची धरा, म्हणजे अंदाजे ३६,००० युनिट. जुनं डक्टेबल काढून चांगलं व्हीआरएफ (गरजेप्रमाणे कमी-जास्त चालणारी एसी यंत्रणा) बसवलं तर त्यातला तिसरा हिस्सा वाचायला हरकत नाही. वर्षाला १२,००० युनिट, १५ च्या दराने १ लाख ८० हजार रुपये. वापर येतो १३५ वर, तीन तारे.

तुमच्या आकाराच्या जागेला व्हीआरएफ धरून चला १३ लाख. पण इथे सगळे मालक एकच चूक करतात, १३ लाख भागिले १.८ करतात आणि सात वर्षं म्हणून हात झटकतात. अहो, तुमचे एसी मरायलाच टेकलेत. आज ना उद्या साधे डक्टेबल तरी घ्यावेच लागतील, त्याला ८ लाख. हिरवेपणाचा खर्च वरचे ५ लाख. तेवढाच हिशोबात धरायचा.

---

सिडनी_रिटर्न, शनिवार संध्याकाळी ६:२०

या कोड्यावर बाहेर बरंच डोकं लढवून झालंय. मालक खर्च करणार, बचत भाडेकरूच्या खिशात जाणार, म्हणून कोणीच हलत नाही.

मी सहा वर्षं तिकडे फॅसिलिटीत होतो. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून ऑफिसांच्या प्रत्यक्ष बिलांवरून तारे देतात. त्यात एक बारकावा मला फार आवडायचा: इमारतीचं रेटिंग वेगळं आणि भाडेकरूच्या जागेचं वेगळं. लिफ्ट, चिलर, लॉबी मालकाच्या माथी. दिवे, संगणक भाडेकरूच्या. एकमेकांकडे बोट दाखवायची सोयच नाही. २०१० पासून मोठं ऑफिस भाड्याने द्यायचं तर जाहिरातीतच रेटिंग छापावं लागतं. आधी मर्यादा २,००० चौरस मीटरची होती, २०१७ मध्ये १,००० वर आणली. इंग्लंडने तर सरळ दारच लावलं. ऊर्जा प्रमाणपत्रात एफ किंवा जी या तळाच्या श्रेणी आल्या तर २०१८ पासून, काही अपवाद सोडून, नवा भाडेकरारच करता येत नाही. व्यापारी जागांच्या चालू करारांनाही एप्रिल २०२३ पासून तेच.

पण काकांच्या कामाचं आहे ते न्यूयॉर्कचं कलम. २०११ मध्ये तिथल्या महापालिकेच्या पुढाकाराने तयार झालं. मालकाने सुधारणा करायची, तज्ज्ञाने आधी बचतीचा अंदाज द्यायचा, आणि त्या *अंदाजित* बचतीच्या ८० टक्के रक्कम भाडेकरूने मालकाला दरवर्षी द्यायची, खर्च फिटेपर्यंत. अंदाज वीसेक टक्के चुकू शकतो, म्हणून २० टक्के भाडेकरूच्या गाठीशी सोडलेले. प्रत्यक्ष बचतीवर ठेवलं तर दर महिन्याला भांडण. कोणी दुसरी पाळी सुरू केली, कोणी चार सर्व्हर आणून ठेवले, मग कसली बचत मोजणार?

---

मीटरवाला, शनिवार संध्याकाळी ७:००

तोच आकडा इथे लावतो. १ लाख ८० हजारांचे ८० टक्के १ लाख ४४ हजार, म्हणजे महिना १२,०००. वरचे ५ लाख फिटायला ४२ महिने. लॉक-इन ३६ महिन्यांचा आहे ना? त्यात मिळतील ४ लाख ३२ हजार. ते ३७ व्या महिन्यात उठून गेले तर ६८ हजार तुमच्या अंगावर.

काका, लॉक-इन ४२ चा मागा. सात पानी परिशिष्टातली ही एक ओळ बाकी सगळ्यापेक्षा मोलाची आहे.

---

चोपडी_खाते, रविवार सकाळी ८:५०

सीए आहे, मजा घालवायला आलेय.

एक: ते १२,००० भाडं म्हणूनच धरले जातील. त्यावर १८ टक्के जीएसटी. कंपनीला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तिच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, म्हणून तिला फरक पडत नाही. हाच भाडेकरू डॉक्टर असता तर त्याला क्रेडिट नाही, सगळं गणित बदललं असतं.

दोन: मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का, एकूण भाडं अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज, या बेरजेवर. महिना १२,००० वाढल्याने साठ महिन्यांत १,८०० रुपये जास्त. किरकोळ आहे, पण दस्तात दाखवा.

तीन, आणि हे कोणी सांगत नाही: तुमचं भाडं ‘घरमिळकतीचं उत्पन्न’ म्हणून करपात्र असेल तर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पण एसीवर घसारा (झिजेपोटीची वजावट) मिळत नाही. १३ लाखांचा एसी घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, वजावट तेवढीच. माझे निम्मे अशील मालक याच कारणाने जुना एसी मरेपर्यंत ओढतात.

---

रोड_नंबर_सोळा, रविवार १०:३०

बरं, जीएसटीचा विषय निघालाच आहे तर. माझ्या गाळ्याचे चार भाग आहेत, मीटर एकच, सब-मीटर लावून मी विजेचे पैसे गोळा करतो. त्यावरही १८ टक्के लागतो का? एकेक जण एकेक सांगतो.

---

चोपडी_खाते, रविवार ११:०५

@रोड_नंबर_सोळा, ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. भाड्याबरोबर वीज गुंडाळून दिलीत तर भाड्याच्याच दराने कर. महावितरणने लावलेली रक्कम जशीच्या तशी, वेगळी दाखवून वसूल केलीत तर विजेवर कर नाही. युनिटमागे रुपया-दोन रुपये चढवलेत की फसलात. चढवत असाल तर इथे लिहू नका :)

---

रोड_नंबर_सोळा, रविवार ११:०७

मौन.

---

पुठ्ठा_ते_प्लाय, रविवार दुपारी १२:४०

सगळे विजेच्याच मागे लागलेत. फर्निचर न तोडण्याच्या अटीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. माझं काम ऑफिसं उभी करण्याचं आणि तोडण्याचं. घणसोली, रबाळे, तुर्भे, वाशी, सगळीकडे.

बहुतेक करारात एक ओळ असते: जाताना जागा मूळ स्थितीत द्यावी. त्या एका ओळीपायी धडधाकट काचेची पार्टिशनं, जिप्समची छतं, कार्पेट टाइल्स, दिवे, सगळं आठ दिवसांत टेम्पोत जातं. काच भंगारवाला घेत नाही, जिप्सम तर फुकटही नको. आणि पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू येतो आणि तेच छत, तीच पार्टिशनं परत लावतो, फक्त रंग वेगळा. मागच्या वर्षी एका जागी दोन वर्षं जुन्या साठ खुर्च्या निघाल्या, कळव्याच्या एका क्लासवाल्याने नेल्या म्हणून वाचल्या.

तेव्हा काका, ही अट त्यांनी घातलीय म्हणून बिचकू नका, तुमच्या फायद्याची आहे. फक्त जायच्या तीन महिने आधी दोघांनी जागा फिरून काय ठेवायचं, काय न्यायचं याची यादी करायची, असं लिहा. नाहीतर ‘हिरवी अट’ म्हणून मोडकी टेबलं तुमच्या गळ्यात मारून जातील.

---

निवांत_नौपाडा, रविवार रात्री ९:१५

एवढं वाचून झाल्यावर मला माझ्याच गाळ्याची लाज वाटायला लागलीय. दोन शंका. गच्चीवर सोलर टाकता येईल का? आणि ते २४ अंशांचं काय? बाहेर ३४ आणि घामाच्या धारा असताना २४ पुरतं का?

---

मीटरवाला, सोमवार सकाळी ७:२०

गच्ची तुमची नाही, प्रिमायसेस सोसायटीची. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. टाक्या, टॉवर, एसीची आउटडोअर युनिटं सोडून उरलेल्या जागेत सोसायटीच्या लिफ्ट-पंपाचं बिल निघालं तरी पुष्कळ. सर्वसाधारण सभेत विषय घ्या, पण या कराराशी तो बांधू नका. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही.

कंपनीला कागदोपत्री हरित वीजच हवी असेल तर सोपा मार्ग आहे. महावितरणकडून जादा दर भरून पूर्ण अक्षय ऊर्जा मागता येते. २०२१ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने हा जादा दर युनिटला ६६ पैसे ठरवला होता. आताचा दर बघून घ्या. पैसे त्यांनीच भरायचे.

२४ बद्दल: नव्या रूम एसींना २०२० पासून कारखान्यातूनच २४ वर लावून पाठवायचा नियम आहे. ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे अंशामागे सहा टक्के वीज वाचते. आपल्याकडे त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा. पंखा लावा, २५ लाही छान वाटतं. ऑफिसवाल्यांना पंख्याची का लाज वाटते हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

---

खाडीकाठचा, सोमवार ९:००

पाण्याचं पण बघा. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून पालिकेच्या हद्दीतले लोक माज करतात, पण तुमची इमारत एमआयडीसीच्या पाण्यावर असेल. शौचालयांच्या टाकीला वेगळी पाइपलाइन नसेल तर प्रक्रिया केलेलं पाणी वापरायची अट मान्य करू नका. अख्खी इमारत फोडावी लागेल.

---

कलम_बावन्न, सोमवार ११:४०

आणि दंड. तापमान किंवा कचरा यांची अट मोडली तर करार रद्द, असं कुठे लिहिलंय का बघा. असेल तर काढा, दोन्ही बाजूंनी. त्याऐवजी तिमाहीला एक बैठक आणि दुरुस्तीची मुदत. भाडं थकलं तर बाहेर काढायचं, एसी २२ वर ठेवला म्हणून नव्हे. मीटरवाल्यांच्या अंदाजाचा कागद मात्र परिशिष्टाला जोडा, गृहीत धरलेल्या कामाच्या तासांसकट.

---

निवांत_नौपाडा, पुढचा गुरुवार, रात्री १०:३०

उशीर झाला, क्षमस्व. बोलणी तीन फेऱ्या चालली.

त्यांच्या बाजूने एक तिशीची मुलगी होती, फार हुशार. मी ८० टक्क्यांच्या कलमाचा विषय काढल्यावर ती हसली आणि म्हणाली, “सर, हे कलम आम्ही दुसऱ्या शहरात वापरलंय, इथे मालक ऐकतच नाहीत म्हणून मसुद्यातून काढलं होतं.” म्हणजे मी उगाचच आठवडाभर झोप घालवली.

ठरलं ते असं. ‘वाजवी खर्च’ गेला. एसी मी बदलणार, महिना ११,५०० ते वेगळ्या ओळीत देणार (१२ साठी अडून बसलो होतो, बायकोने टेबलाखालून पाय मारला). लॉक-इन ४४ महिने, म्हणजे ५ लाख वसूल होऊन वर सहा हजार उरतात. आकडे दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत. जायच्या आधी फिरून यादी. पाण्याची अट काढली, @खाडीकाठचा यांचे आभार, इमारत खरंच एमआयडीसीच्याच पाण्यावर निघाली. सोलरचा विषय सोसायटीच्या सभेसाठी दिलाय, सेक्रेटरींनी “बघू” म्हटलंय.

एजंट रुसलाय. म्हणतो, त्याच्या कारकिर्दीत एवढा वेळ कोणी लावला नव्हता.

---

पुठ्ठा_ते_प्लाय, गुरुवार रात्री १०:५०

जुने डक्टेबल फेकू नका, तांब्यासाठी भंगारवाला चांगले पैसे देईल. आणि गॅस आधी मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये काढून घ्या, हवेत सोडू देऊ नका. बहुतेक ठिकाणी नळी कापून मोकळे होतात.

---

रोड_नंबर_सोळा, शुक्रवार सकाळी ८:१०

काका, ते परिशिष्ट इथे टाकाल का? माझ्या चारपैकी एकाचा करार दिवाळीत संपतोय.

---

निवांत_नौपाडा, शुक्रवार ८:४०

नावं आणि पत्ता खोडून, रविवारी टाकतो. मुलगा आला की स्कॅन करून घेतो, मला ते जमत नाही.